दुसऱ्याच्या घराचा कारभार

आजच्या विषयाची सुरुवात एका जाहिरातीपासून करू. मुंबई-पुण्यात अलीकडे नोकरीच्या जाहिरातींत एक पद दिसू लागले आहे, 'हाउस मॅनेजर'. ना हॉटेलात, ना कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये. एखाद्या कुटुंबाच्या राहत्या घरात. अपेक्षा काय असतात? हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स झालेला हवा, चार भाषा बोलता याव्यात, हिशेब संगणकावर ठेवता यावा. काम काय? स्वयंपाकी, ड्रायव्हर, सफाईवाले, माळी यांच्या पाळ्या लावायच्या, किराणा भरायचा, बिलं वेळेवर द्यायची, एसी बिघडला तर माणूस बोलवायचा, पाहुणे आले तर कोण कुठे झोपणार ते ठरवायचे. पगार पुष्कळदा हॉटेलातल्या नोकरीपेक्षा बरा. तरीही अशी नोकरी धरलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं शिकून शेवटी कोणाच्या घरी कामाला जाणार?"

हा प्रश्न आपण हसण्यावारी नेणार नाही. त्यात नुसती प्रतिष्ठेची खंत नाही, त्यात एक व्यवहारी भीतीही आहे. ती अशी की कंपनीत नोकरी गेली तर नोकरी जाते. दुसऱ्याच्या घरातली नोकरी गेली तर छप्परही जाते. आज आपण या पेशाचा इतिहास पाहणार आहोत तो या भीतीच्या बाजूने.

आधी थोडे शब्दांकडे बघू, कारण शब्द फार चहाडखोर असतात. आपल्याकडे 'कारभारी' हा केवढा शब्द! राज्याचा कारभारी, संस्थानाचा कारभारी. आणि खेड्यातली बाई नवऱ्याचे नाव न घेता म्हणते, "आमचे कारभारी शेतावर गेलेत." म्हणजे घर चालवणारा तो कारभारी, मग ते घर मालकाचे असो की स्वतःचे. आता 'खानसामा' घ्या. मूळ शब्द 'खान-इ-सामान', म्हणजे सामानाचा, कोठाराचा अधिकारी. मुघल दरबारात बादशहाच्या घरगुती खात्यांवर आणि कारखान्यांवर देखरेख करणारा हा बडा मानकरी. इंग्रजांच्या बंगल्यांपर्यंत पोचेस्तोवर तोच खानसामा वाढप्या आणि स्वयंपाकी होऊन बसला. उलटा प्रवासही झालेला आहे. इंग्रजीतला 'स्टुअर्ड' म्हणजे मुळात घराची राखण करणारा. स्कॉटलंडच्या राजाकडे हे पद एका घराण्यात वंशपरंपरेने होते. 1371 मध्ये त्याच घराण्यातला माणूस गादीवर बसला आणि पदाचे नाव राजघराण्याला चिकटले. इतिहासातले स्टुअर्ट राजे ते हेच. म्हणजे एकाच कामाने एकाला सिंहासनावर नेले आणि दुसऱ्याला मुदपाकखान्यात.

मराठी राज्यातही घराचा कारभार ही स्वतंत्र बाब होती. शिवकाळातले अठरा कारखाने आणि बारा महाल आपण शाळेत पाठ केलेले असतात. त्यात तोफखाना, पीलखाना यांच्याच ओळीत मुदपाकखाना, जामदारखाना, शरबतखाना बसलेले असतात. पुढे सरदारांकडे 'खासगी' आणि 'दौलत' अशी हिशेबाची फोड झाली. होळकरांकडे तर 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची वेगळी जहागीर मिळाली, आणि तिचा हिशेब दौलतीत मिसळायचा नाही, असा दंडक राहिला. पुण्यातले 'खासगीवाले' हे आडनावही याच कामातून आले. पण आपल्याकडचे हे कारभारी बहुधा राजकारणाच्या ओघात भेटतात. घर चालवणे हेच ज्याचे आयुष्यभराचे करिअर, पायरी-पायरीने चढत जाण्याचे, पगाराच्या कोष्टकात बसणारे, अशी माणसे पाहायची तर आपल्याला इंग्लंडला जावे लागते. तिथल्या मोठ्या घरांची हिशेबवही जपलेली आहे, घर चालवणाऱ्यांनी पुस्तके लिहिली आहेत आणि डायऱ्याही ठेवल्या आहेत. म्हणून आजचा बराच वेळ आपण तिकडे राहू. शेवटी मुंबईला परत येऊ.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले एखादे जमीनदाराचे घर डोळ्यांसमोर आणा. घर कसले, छोटे गावच ते. अगदी बड्या घरात सगळ्यांच्या वर 'हाउस स्टुअर्ड'. त्याखाली बटलर, म्हणजे वाइन आणि चांदीची भांडी ज्याच्या ताब्यात तो. आणि स्त्री-नोकरांच्या सगळ्या फळीवर हाउसकीपर. आज आपण हॉटेलात 'हाउसकीपिंग' म्हणतो तेव्हा चादरी बदलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या काळात हाउसकीपरच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे आणि तिच्या पावलांआधी तो वाजत असे. लग्न झालेले असो वा नसो, सगळे तिला 'मिसेस' म्हणत. मुलींना कामावर ठेवणे, काढणे बहुतेक तिच्याच हातात. स्वयंपाकघरातली मुख्य बाई मात्र पुष्कळदा थेट मालकिणीला बांधील असे, आणि या दोघींचे जमले नाही तर अख्ख्या घराला त्याची झळ बसे. (हे दृश्य समजायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नव्हती.)

तिचे काम म्हणजे काय होते? साखर तेव्हा शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपेत येई, आपल्याकडे गुळाची येते तशी, आणि ती चिमट्याने फोडावी लागे. साबण घाऊक घ्यायचा आणि महिनोन्‌महिने सुकवायचा, कारण ओला साबण लवकर झिजतो. मेणबत्त्या मोजून द्यायच्या. चहा कुलपात. चादरी, टेबलक्लॉथ, रुमाल यांच्यावर आकडे घातलेले, आणि धुण्याला जाताना व येताना मोजणी. फळांचे मुरंबे, लोणची, सरबते, गुलाबपाणी हे तिच्या स्वतःच्या खास खोलीत. आणि या सगळ्याचा हिशेब ठरल्या दिवशी मालकिणीपुढे ठेवायचा. थोडक्यात सांगायचे तर कोठार, खरेदी, मनुष्यबळ आणि हिशेब ही चारही खाती एका बाईकडे. ही आजच्या भाषेत मॅनेजरची नोकरी नाही तर काय आहे?

पगाराचे सांगायचे तर 1861 मध्ये इझाबेला बीटन यांचे घर-व्यवस्थापनाचे प्रचंड गाजलेले पुस्तक आले. त्यात नोकरांच्या वार्षिक पगाराचे कोष्टक आहे. हाउस स्टुअर्डला जास्तीत जास्त 80 पौंड, हाउसकीपरला जास्तीत जास्त 45. याच कोष्टकात सगळी कामे एकटीने करणारी मोलकरीण 9 ते 14 पौंडांत आहे. जेवणखाण आणि राहणे वेगळे, म्हणजे मालकाकडे. हे 'मालकाकडे' लक्षात ठेवा, कारण ते पुढे येणार आहे.

आणखी एक गमतीची बाब, हीही पैशाचीच. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भागवायला ब्रिटिश सरकारने 1777 मध्ये पुरुष नोकरांवर कर बसवला, डोईमागे एक गिनी. मग बटलर ठेवणे ही चैन झाली आणि चैन म्हणून मिरवण्याची गोष्टही झाली. हा कर 1937 पर्यंत टिकला! बायकांवरचा तसाच कर 1785 मध्ये आला आणि सात वर्षांत गुंडाळला गेला. घर प्रत्यक्ष चालवायचे बाईने आणि दारात उभे राहून शोभा वाढवायची पुरुषाने, या वाटणीला सरकारी खजिन्याचाही असा हातभार लागला.

आता दोन बायका. दोघीही हाउसकीपर. एकीची गोष्ट आधी थोडक्यात, दुसरीची सावकाश.

पहिली एलिझाबेथ रॅफल्ड. जन्म 1733, डॉनकॅस्टरचा. तरुणपणापासून घरोघर नोकरी करत ती 1760 मध्ये चेशरमधल्या आर्ली हॉल या घरात हाउसकीपर म्हणून आली. वॉरबर्टन घराण्याचे हे घर. पगार वर्षाला 16 पौंड. तिथल्या मुख्य माळ्याशी, जॉन रॅफल्डशी तिचे जमले. त्याला 20 पौंड. 1763 मध्ये त्यांनी लग्न केले आणि दोघांनाही घर सोडावे लागले, कारण संसार असलेली हाउसकीपर ही कल्पनाच मालकांना मानवत नसे. घर सांभाळणारीने स्वतःचे घर करायचे नाही, ही त्या पेशाची अलिखित अट.

दुसरी कोणी असती तर इथे गोष्ट संपली असती. रॅफल्डबाई मँचेस्टरला गेल्या आणि त्यांनी दुकान काढले. थंड पक्वान्ने, मुरंबे, केक. शिवाय नोकर मिळवून देणारे कार्यालय काढले, म्हणजे आजच्या भाषेत प्लेसमेंट एजन्सी. 1769 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले, 'द एक्स्पीरियन्स्ड इंग्लिश हाउसकीपर', आणि ते आपल्या जुन्या मालकिणीला अर्पण केले. आठशेवर ग्राहकांनी आगाऊ नावे नोंदवली होती. पुस्तकाची चोरटी छपाई होईल हे ओळखून त्या प्रत्येक प्रतीवर स्वतःच्या हाताने सही करत. (तरीही चोरट्या आवृत्त्या निघाल्याच. आपल्याकडच्या प्रकाशकांना हे ऐकून बरे वाटेल.) 1772 मध्ये त्यांनी मँचेस्टर शहराची पहिली डिरेक्टरी छापली, कोणता व्यापारी कुठे राहतो याची यादी. आणि 1773 मध्ये पुस्तकाचे हक्क विकले 1,400 पौंडांना. 16 पौंडांनी भागून बघा. आर्ली हॉलमधला सत्त्याऐंशी वर्षांचा पगार!

हे कशामुळे झाले? त्या हुशार होत्या हे खरेच. पण हुशार हाउसकीपर शेकडो असतील. रॅफल्डबाईंनी केले ते असे की जे ज्ञान मालकाच्या कोठारात कुलूपबंद राहते ते त्यांनी बाहेर काढले आणि स्वतःच्या नावावर केले. पुस्तकाच्या नावातच 'अनुभवी' हा शब्द आहे. हा अनुभव वॉरबर्टनांचा नव्हता, त्यांचा होता. अर्थात गोष्टीचा शेवट गोड नाही. नवरा व्यसनी निघाला, डोक्यावर कर्ज, आणि 1781 मध्ये पन्नाशी गाठण्याआधीच त्या गेल्या. पण ते दुकानदार म्हणून, स्वतःच्या धंद्यात.

दुसरी बाई सारा नील. 1822 चा जन्म, वडील खाणावळवजा मद्यगृह चालवणारे. तिची गोष्ट नीट कळण्यासाठी आधी घराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ते घर एखाद्या कादंबरीत शोभेल असे आहे.

ससेक्स परगण्यात टेकडीच्या माथ्यावर अपपार्क नावाचे घर आहे. मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ, तरुणपणी फार रंगेल. ते सत्तरी ओलांडल्यावर, 1825 मध्ये, आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मेरी अ‍ॅन बुलक या तरुण मुलीशी लग्न करून मोकळे झाले. पंचक्रोशीतल्या बड्या लोकांनी नाके मुरडली. सर हॅरी 1846 मध्ये वारले आणि अख्खी मालमत्ता या बाईंची झाली. त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला, फ्रान्सिसला, सोबत ठेवले होते. आणि या फ्रान्सिसची खास दासी म्हणून 1850 मध्ये सारा नील अपपार्कमध्ये आली.

तिथे माळी होता जोसेफ वेल्स. होय, इथेही माळीच! 1853 मध्ये दोघांचे लग्न झाले, नोकरी अर्थातच सुटली. पुढे ब्रॉमली गावात त्यांनी काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचे एक दुकान घेतले. दुकान चालले नाही. जोसेफ क्रिकेट बरे खेळत असे. 1862 मध्ये केंटकडून ससेक्सविरुद्ध त्याने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे पहिल्यांदाच घडले. दुकानात भांड्यांबरोबर तो बॅटी-चेंडूही विके. पण 1877 मध्ये पडून त्याचा पाय मोडला आणि क्रिकेटचे उत्पन्नही थांबले. पदरात तीन मुलगे.

इकडे अपपार्कमध्ये मेरी अ‍ॅन वारल्या आणि फ्रान्सिस मालकीण झाली. दूधवालीची बहीण एवढ्या मोठ्या घराची धनी! तिला विश्वासाचे माणूस हवे होते. 1880 मध्ये तिने आपल्या जुन्या दासीला बोलावणे धाडले, हाउसकीपर म्हणून ये. सारा तेव्हा सत्तावन्न वर्षांची. नवरा मागे दुकानात राहिला, ती एकटीच गेली. एका संसाराचे दोन तुकडे झाले, पण पोटाला मिळू लागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. साराने उभ्या आयुष्यात मोठे घर चालवले नव्हते. खास दासीचे काम वेगळे: मालकिणीचे कपडे, केस, शिवण, सोबत. कोठार, घाऊक खरेदी, वीसेक माणसांवर हुकमत हे वेगळेच शास्त्र. ती पायऱ्या चढत हाउसकीपर झालेली नव्हती, जिव्हाळ्यावर झाली होती. तिच्या धाकट्या मुलाने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे की ती बहुधा जगातली सर्वांत वाईट हाउसकीपर असावी. तिला ना नियोजन जमे, ना नोकरांना वचक, ना काटकसरीची खरेदी. हा मुलगा म्हणजे एच. जी. वेल्स. 'टाइम मशीन'वाला.

आम्हाला हा शेरा जरा कठोर वाटतो. मुलगा प्रतिभावान होता, पण आईच्या नोकरीवर तो स्वतः किती उभा होता ते पाहा. किशोरवयात तो सुट्टीला अपपार्कला येई. माळ्यावरच्या पेटीत त्याला दुर्बिणीचे सुटे भाग सापडले, ते जोडून तो रात्री आकाश बघत बसे. सर हॅरींच्या ग्रंथसंग्रहातून त्याने प्लेटोचे 'रिपब्लिक' वाचले, 'गलिव्हर' वाचले. बर्फाने सगळे कोंडले गेले तेव्हा त्याने नोकर मंडळींसाठी घरातल्या घरात एक वर्तमानपत्र काढले. 1883 मध्ये, कापडदुकानात उमेदवारी करताना जीव नकोसा झाला, तेव्हा एका रविवारी तो सतरा मैल चालत आला आणि चर्चमधून परतणाऱ्या आईला वाटेत गाठून म्हणाला की मी आता तिथे राहणार नाही. 1887 मध्ये फुटबॉल खेळताना जबर मार बसून तो आजारी पडला, तेव्हा तो काही महिने अपपार्कमध्येच पडून होता. डॉक्टर, अंथरूण, उबदार खोली, पुस्तके. कोणाच्या जोरावर? हाउसकीपरचा मुलगा म्हणून. त्या घरात स्वयंपाकघर आणि तबेले मुख्य इमारतीपासून वेगळे बांधलेले होते, आणि नोकरांनी ये-जा करावी ती भुयारांतून, म्हणजे मालकांच्या नजरेआड. 'टाइम मशीन'मधले जमिनीखाली राबणारे लोक त्याला इथे सुचले असावेत, असे अनेक अभ्यासक म्हणतात. म्हणजे आईच्या 'वाईट' नोकरीने इंग्रजी साहित्याला बरेच काही दिले.

सारा डायरी ठेवत असे. पुढे पुढे तिला ऐकू येईनासे झाले. हाउसकीपरला ऐकू न येणे म्हणजे काय, याचा विचार करा. घंटा वाजतात, मुली कुजबुजतात, मालकीण बोलावते. मालकिणीचेही वय झालेले. कधी काळी दोघी तरुण होत्या. एक शिवत बसे, दुसरी गप्पा मारी. आता एकीला दुसरीचे ओझे होऊ लागले. 1893 च्या फेब्रुवारीत साराने अपपार्क सोडले. काढून टाकले, हेच खरे. वय सत्तर. तेरा वर्षे तिने ते घर सांभाळले होते, बरे की वाईट ते राहू दे.

आणि इथे तो मघाचा शब्द येतो. राहणे 'मालकाकडे'. ज्या दिवशी किल्ल्या परत दिल्या त्याच दिवशी खोलीही परत दिली. तिच्याकडे जायला जागा होती ती नवऱ्याचे छोटे भाड्याचे घर, आणि तेही मुलाच्या कमाईवर चाललेले. त्या वर्षी मुलगा स्वतः आजाराने खंगला होता, शिकवण्या करून आणि लेख लिहून घर चालवत होता. पुढे तो नावारूपाला आला आणि आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळले. सारा 1905 मध्ये वारली. ब्रिटनमध्ये सत्तरीपुढच्या गरीब वृद्धांना आठवड्याला 5 शिलिंग पेन्शन देणारा कायदा झाला 1908 मध्ये. मुलगा वेल्स नसता तर तिचे काय झाले असते? 1891 च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये घरनोकरीत दहा लाखांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकी फारच थोड्यांचे मुलगे कादंबरीकार होते.

कोणी म्हणेल, दुसरी नोकरी धरायची. तिथे अडचण होती 'कॅरेक्टर'ची. कॅरेक्टर म्हणजे जुन्या मालकाचे शिफारसपत्र. ते नसेल तर नवीन दार उघडत नसे. खोटे शिफारसपत्र दिले-घेतले तर शिक्षा, असा कायदा 1792 पासून होता. पण खरे पत्र द्यायलाच हवे असे बंधन मालकावर नव्हते. तेरा वर्षांच्या कामाची किंमत एका कागदावर, आणि तो कागद लिहायचा की नाही हे मालकिणीच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर. 1911 मध्ये घरनोकरांनाही आजाराच्या विम्यात घेण्याचा कायदा आला. त्यासाठी मालकिणींनी दर आठवड्याला कार्डावर तिकिटे चिकटवायची होती. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बायकांची प्रचंड निषेधसभा झाली, आम्ही तिकिटे चाटणार नाही म्हणून! कारण उघड बोलले जात होते: यामुळे मालकीण आणि नोकर यांच्यातले घरगुती नाते बिघडेल. नाते म्हटले की हिशेब नको, हिशेब नको म्हटले की हक्क नको. हा युक्तिवाद आपल्या कानांना ओळखीचा आहे, नाही का? "आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो" हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो, आणि ते ऐकताना पगारी रजा विचारायचे कोणाला सुचत नाही.

रॅफल्ड आणि सारा यांना शेजारी ठेवले की आपल्याला काय दिसते? एकीला नोकरी मिळाली कामाच्या माहितीवर, दुसरीला विश्वासावर. दोन्ही लागतात, हे खरे. परक्या माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या देताना नुसते सर्टिफिकेट कोण बघेल? पण कामाची माहिती माणसाबरोबर दाराबाहेर जाते. विश्वास मात्र देणाऱ्याच्या मालकीचा असतो, तो दारातच काढून ठेवावा लागतो.

आता मुंबईला येऊ. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या साहेबी आणि पारशी घरांत बटलर, स्वयंपाकी, आया म्हणून गोव्याची माणसे मोठ्या संख्येने होती. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला साहेबी जेवणाचे वावडे नव्हते आणि टेबलाच्या रीतींची ओळख होती. त्यांची भीतीही साराचीच. नोकरी आहे तोवर मालकाच्या आवारात खोली. साहेब विलायतेला परतला, बदलून गेला, रागावला, की ट्रंक उचलून रस्त्यावर. गाव दूर, आगबोटीचा प्रवास.

यावर त्यांनी जे शोधून काढले त्याचे आम्हाला फार कौतुक वाटते. त्याचे नाव 'कूड'. कोकणीत कूड म्हणजे खोली. धोबी तलाव, माझगाव या भागांत एकेका गावाने मिळून मुंबईत एक जागा घ्यायची. त्या गावचा कोणीही वर्गणी भरून सभासद. भिंतीशी ओळीने ट्रंका लावलेल्या, एका बाजूला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. खलाशी दोन जहाजांच्या मध्ये इथे राहत, बटलर आणि स्वयंपाकी दोन नोकऱ्यांच्या मध्ये. नवी जागा कुठे निघाली आहे, कोणती मेमसाहेब पगार बुडवते, ही सगळी बातमी कुडीत मिळे. म्हणजे निवाराही तोच आणि रोजगार कार्यालयही तेच. मालकाच्या घरात झोपणाऱ्या माणसाची एक ट्रंकभर जागा शहरात त्याच्या स्वतःच्या नावावर असे. रॅफल्डबाईंनी एकटीने जे साधले ते इथे गावाने मिळून साधले. साराला एवढीशी कूड मिळाली असती तर सत्तराव्या वर्षी तिला मुलाच्या तोंडाकडे बघावे लागले नसते.

आजच्या हाउस मॅनेजरकडे कूड नाही. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तो करताना डोळ्यांसमोर होती ती धुणीभांडी करणारी बाई, आणि ते योग्यच होते. लॅपटॉप घेऊन दहा माणसांच्या पाळ्या लावणारा हा नवा माणूस स्वतःला त्या यादीत मोजत नाही. तो स्वतःला मॅनेजर समजतो, आणि कामाच्या दृष्टीने तो आहेही. पण मलबार हिलवरच्या फ्लॅटमागची त्याची खोली मालकाचीच असते, आणि पुढच्या नोकरीसाठीचा फोन जुन्या मालकालाच जातो. कॅरेक्टरचे पत्र जाऊन फोन आला, एवढाच फरक.

म्हणून ज्या घरात सुरुवातीचा तो प्रश्न विचारला जातो, "एवढं शिकून कोणाच्या घरी कामाला जाणार?", तिथे आम्ही थोडा वेगळा प्रश्न सुचवू. कामाला जा, पण सुट्टीच्या दिवशी तू कुठे राहतोस? नेमणुकीच्या कागदावर नोटिशीची मुदत लिहिली आहे का, भविष्यनिर्वाह निधी आहे का, आणि नोकरी संपल्यावर खोली किती दिवसांत सोडायची ते लिहिले आहे का? तुझ्या हिशेबाच्या पद्धती, तुझ्या याद्या, तू शिकवलेली माणसे, यातले काय तुझ्याबरोबर येईल?

आणि अपपार्कचे काय झाले? 1954 मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे गेले. 1989 च्या ऑगस्टअखेर छताची दुरुस्ती चालू असताना कामगारांच्या हातून आग लागली आणि वरचे मजले जळून गेले. लोकांनी साखळी करून चित्रे, गालिचे, खुर्च्या बाहेर काढल्या. घर पुन्हा जसेच्या तसे उभे केले आणि 1995 मध्ये उघडले. आता वर दिवाणखाने बघून झाले की पाहुणे तळघरात उतरतात. तिथे भुयारे आहेत, चांदी ठेवायची खोली आहे, नोकरांना बोलावायच्या घंटा आहेत, आणि हाउसकीपरची खोलीही आहे.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.